फक्त शनिवार-रविवारी साइटवर जाता येतं: प्लास्टरला पाणी कोण मारणार, आणि पावसाआधी काय उरकावं?

दोघं_मुळशी

नमस्कार मंडळी. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे एका गावात आमचं ६२० चौ. फुटांचं बैठं घर चालू आहे, बाहेरून ३१ बाय २० फूट. परवानग्यांचं सगळं झालेलं आहे, त्याबद्दल प्रश्न नाही. ठेकेदाराने आरसीसी (सळयांचं काँक्रीट) पूर्ण करून दिलं: जोतं, कॉलम, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची आडवी तुळई), आणि स्वयंपाकघर-न्हाणीघरावर स्लॅब, त्यावर टाकी येईल. उरलेल्या घरावर दोन पाखी लोखंडी कैच्या (दोन उतारांच्या छपराचे त्रिकोणी सांगाडे) चढल्या आहेत, मंगलोरी कौलं अजून खाली रचून ठेवली आहेत. बाहेरच्या भिंती सहा इंची विटेच्या, आतल्या चार इंची. दोन्ही झाल्यात. जोत्यात मुरूम भरून धुमसलाय, वर पीसीसी (सळया नसलेलं काँक्रीट) बाकी आहे.

इथून पुढचं काम आम्ही दोघं करणार. एक गवंडी आणि एक बिगारी फक्त शनिवार-रविवार येतात. आम्हीही कोथरूडहून त्याच दोन दिवशी जातो. बोअरचं पाणी आहे, तात्पुरता मीटर आहे, एक हजार लिटरची टाकी आहे.

प्रश्न असे: १) सोमवार ते शुक्रवार साइटवर कुणी नाही, मग प्लास्टरला पाणी कसं मिळणार? २) आता जानेवारी संपत आलाय, पावसाच्या आत कोणती कामं झालीच पाहिजेत? ३) कोणती कामं आम्ही दोघांनी हातात घ्यावीत, कोणती अजिबात घेऊ नयेत? गवंडी म्हणतात आधी आतलं प्लास्टर, मग फरशी, बाहेरचं शेवटी. हा क्रम बरोबर आहे का?

ओळंबा

तुमचे गवंडी सांगतात तो क्रम रोज माणूस असलेल्या साइटसाठी ठीक आहे. तुमच्या घराला प्रत्येक कामाबद्दल आधी एकच प्रश्न विचारा: हे काम करून कुलूप लावलं तर पाच दिवस एकटं राहील का? पाइप टाकणं, जिने-कट्ट्याचं दगडकाम, लोखंडाला रंग, कौलं, चौकटी, अढेसिव्हवरची टाइल ही कामं राहतात. प्लास्टर, पीसीसी, कोबा (सिमेंटची घोटलेली जमीन) राहत नाहीत. त्यांना सोय करून दिल्याशिवाय हात लावू नका.

हिशेब बघा म्हणजे क्रम आपोआप ठरेल. तुमच्या घराच्या आतल्या भिंती, दारं-खिडक्या वजा जाता, साधारण १,८०० चौ. फूट निघतील. एक गवंडी आणि एक बिगारी दिवसाला आतलं नीट प्लास्टर शंभर-सव्वाशे चौ. फूट करतात. म्हणजे नुसत्या आतल्या कामाला सोळा-सतरा दिवस. बाहेरचा घेर १०२ फूट, उंची दहा धरली तर दारं-खिडक्या वजा करून ९०० चौ. फूट, तेही दोन थरांचं आणि परांचीवरून. हे सगळं एका गवंड्याकडून शनिवार-रविवारी जूनच्या आत होत नाही. पुण्याकडे मान्सून साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, पण वळीव मे महिन्यातच गाठतो. तुमची तारीख १५ मे समजा.

म्हणून: बाहेरचं प्लास्टर आधी, आणि ते तीन-चार गवंड्यांच्या टोळीला अंगावर (पूर्ण कामाची एकच रक्कम ठरवून) देऊन सलग एका आठवड्यात उरकून घ्या. बोलीतच पुढच्या आठवड्याचं पाणी मारायचा माणूस धरा. शनिवार-रविवारचा हट्ट या एका कामात धरू नका. आतलं प्लास्टर पावसाळ्यात करा. मुळशीत जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी ओली असते की छपराखालचं प्लास्टर सहसा सुकून तडकत नाही. शनिवारी केलेलं काम पुढच्या शनिवारी ओलसरच सापडतं. पुणे शहरात वर्षाला ७००-७५० मिमी पाऊस, लोणावळ्यात ४,००० च्या वर. तुम्ही या दोघांच्या मधल्या पट्ट्यात आहात, आणि जसजसं ताम्हिणी घाटाकडे सरकाल तसा तो वाढतो. त्या पावसाचा फायदा घ्या.

सहा इंची बाहेरची भिंत या पट्ट्यात नाजूक असते. पश्चिम आणि नैऋत्येकडून झड लागते ती भिंत एकाच थरात लिंपली तर आत ओल येणारच. तिथे २० मिमी दोन थरांत: पहिला थर १२ ते १४ मिमी, १ सिमेंट ४ वाळू, त्यात वॉटरप्रूफिंग लिक्विड डब्यावर दिलेल्या प्रमाणात (सहसा ५० किलोच्या पिशवीमागे २०० मिली). ओला असतानाच त्यावर खरवडून आडव्या नागमोडी रेघा ओढायच्या, म्हणजे दुसरा थर धरतो. दुसरा थर ६ ते ८ मिमी, १ ला ५. वरचा थर खालच्यापेक्षा कधीही जास्त सिमेंटचा नको. तो जास्त आकसतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. शंभर चौ. फुटांना सव्वा ते दीड पिशवी सिमेंट, सात घनफूट वाळू. म्हणजे पूर्ण बाहेरच्या बाजूला बारा-तेरा पिशव्या आणि नुकसानीसकट पाऊण ब्रास वाळू (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). आतल्याला १५ मिमी जाडीने, १ ला ५, शंभर चौ. फुटांना एक पिशवी आणि सहा घनफूट.

सिमेंट एकदम आणून ठेवू नका. तीन महिने पडलेल्या पिशवीची ताकद जाणवण्याइतकी उतरते, पावसाळ्यात त्याहून लवकर. फळ्यांवर, जमिनीपासून सहा इंच वर, भिंतीपासून फूटभर लांब, दहा पिशव्यांपेक्षा उंच थप्पी नाही, वरून ताडपत्री. पिशवीत हाताने चुरडत नाहीत असे खडे झाले असतील तर ती पिशवी प्लास्टरला वापरू नका.

घमेल्याने माप घेऊ देऊ नका. कोणाचं शिगोशीग, कोणाचं अर्धं. ३५ बाय २५ सेंमी तळ आणि ४० सेंमी उंचीचा लाकडी फर्मा बनवा, तो ३५ लिटरचा, म्हणजे बरोबर एक पिशवी सिमेंट. हे काम तुम्ही दोघं अर्ध्या तासात कराल आणि त्याचा फायदा पूर्ण घराला होईल. पीसीसी-काँक्रीटलाही हाच फर्मा: १ : १.५ : ३ ला एका पिशवीमागे दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी, आणि पाणी २५ लिटरच्या वर नाही. बिगारी सैल मिश्रण मागतो कारण ओढायला सोपं जातं. ते जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे भोकं आणि चिरा राहतात.

प्लास्टर करायचा दिवस शनिवार. रविवारी करू नका. आदल्या संध्याकाळी गावातल्या कुणाकडून तरी भिंत भिजवून घ्या, सकाळी परत एकदा, पण गवंडी चढतो तेव्हा पृष्ठभाग चकचकीत ओला नको. दुपारपर्यंत थर, संध्याकाळी घासून पूर्ण. रविवारी सकाळपासून तीन-चार वेळा पाणी, तुमच्या डोळ्यांदेखत. पहिला दिवस हुकला तर पुढच्या आठ दिवसांच्या पाण्याने तो भरून निघत नाही. आजकाल मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) असतं. काँक्रीटला आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे त्याला किमान १० दिवस ओल लागते, कोरड्या उन्हाळ्यात १४ दिवसांपर्यंत न्यावी. प्लास्टरला निदान सात दिवस धरा.

वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात (कॉलमच्या कडा, लिंटेलखाली) तिथे जोडावर मध्यभागी धरून दोन्हीकडे सहा इंच येईल अशी जाळी खिळ्यांनी ताणून मारा. ढिली जाळी प्लास्टरमध्ये पोकळी करते. काँक्रीटला आधी टाचे (प्लास्टर धरावं म्हणून छिन्नीचे घाव) मारून घ्या. हे दोन्ही तुम्ही शनिवारी गवंडी यायच्या आत करू शकता, त्यांचा दिवस वाचेल.

पाणीवाला

ओळंबा यांनी प्लास्टरचं सांगितलं. प्लास्टरच्या आधी भिंतीत काय जातं ते मी सांगतो. यातलं बरंच काम दोघांना झेपण्यासारखं आहे, आणि भिंत बंद झाल्यावर यातलं काहीच दुरुस्त करता येत नाही.

झिरी (पाइप-वायरसाठी भिंतीत कापलेली खाच) मारताना उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा खोल नको, आडवी सहाव्या हिश्श्यापेक्षा खोल नको. चार इंची भिंतीत आडवी झिरी म्हणजे पाऊण इंचसुद्धा नाही, म्हणून तिथे आडवी नेऊच नका, खालून फरशीतून न्या. छिन्नी-हातोड्याने चार इंची भिंत हलते. कटरने दोन समांतर रेघा मारून मधलं हळू काढा. कटर चालवताना तात्पुरत्या मीटरवरसुद्धा ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसलेला असायलाच हवा. ओली जमीन, पत्र्याची घमेली आणि सोललेली वायर एकत्र येतात त्या जागी नुसत्या फ्यूजवर भरवसा ठेवू नये.

पिण्या-वापरायच्या पाण्याला सीपीव्हीसी (गरम पाणीही चालणारा प्लास्टिकचा पाइप), मुख्य लाइन पाऊण इंच, फाटे अर्धा इंच. कापलेल्या तोंडाची आतली-बाहेरची कोर साफ करा, सॉल्व्हंट दोन्ही भागांवर लावा, घुसवून पाव वळसा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सोडलंत तर पाइप स्वतःहून थोडा बाहेर सरकतो, हीच गळतीची जागा. शनिवारी जोडा, रविवारी दाब द्या. हातपंप भाड्याने मिळतो. ६ किलो प्रति चौ. सेंमी दाबावर नेऊन दोन तास काटा हलता कामा नये. टाकीचं पाणी सोडून बघणं ही चाचणी नव्हे. दहा फूट उंचीच्या टाकीचा दाब जेमतेम ०.३ किलो असतो, त्याला बारीक गळती दिसत नाही. चाचणी झाल्यावर प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे टॉवेलची खुंटी पाइपात जाणार नाही.

सांडपाण्याला संडासाची लाइन ११० मिमी, न्हाणीघराची ७५. उतार चाळिसात एक, म्हणजे दहा फुटांना तीन इंच. तुमच्याकडे मुरूम भरलेला आहे. तो एका पावसात थोडा बसतो आणि पाइपाचा उतार उलटा होतो. म्हणून पाइपाखाली सलग चार इंच पीसीसीची बैठक द्या. नुसत्या विटांवर टेकवू नका.

न्हाणीघर शनिवार-रविवारवाल्यांना सगळ्यात सोयीचं आहे, कारण तिथे थांबणं हाच कामाचा भाग आहे. नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी वाहून नेणारं, जाळीखालचं भांडं) बसवा, भोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. कोपऱ्यात भिंत-जमिनीच्या जोडावर वाळू-सिमेंटची गोलाई द्या. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला उभा तर दुसरा आडवा, भिंतीवर फूटभर वर आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट. कोटिंग पूर्ण धरायला डब्यावर दिलेले दिवस जाऊ द्या. मग एका रविवारी ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा आणि जवळच एका परातीत तेवढंच पाणी ठेवा. पुढच्या शनिवारी दोन्ही पातळ्या मोजा. परातीइतकंच कमी झालं असेल तर ते उडालं. परातीपेक्षा जास्त कमी झालं असेल तर ते जमिनीत गेलं. नेहमीच्या चाचणीला तीन दिवस देतात, तुम्हाला सहा फुकट मिळतात.

विजेचं: झिरी, बॉक्स, २५ मिमी पाइप बसवणं तुम्ही करा. वायर ओढणं वायरमनच्या देखरेखीखाली. जोडणी, डीबी (वीज वाटणारी मुख्य पेटी), अर्थिंग हे परवानाधारक माणसाचंच काम. महावितरणचा कायमचा मीटर घेताना त्याचा चाचणी अहवालही लागतो. दिव्यांना १.५, प्लगना २.५, गीझरला ४ चौ. मिमी तांब्याची वायर. तुमच्या प्रश्नातल्या ‘अजिबात करू नये’ या यादीत माझ्याकडून दोनच गोष्टी: हे परवानाधारकाचं विजेचं काम आणि कैच्यांचं वेल्डिंग.

चुनागच्ची

ताई-दादा, आतल्या प्लास्टरला सिमेंटच हवं असं नाही. पाणी मारायला माणूस नाही हीच अडचण असेल तर चार इंची मधल्या भिंतींना जिप्सम प्लास्टर करा. त्याला पाणी मारावंच लागत नाही. शनिवारी केलं, पुढच्या शनिवारी प्राइमरला तयार. विटेवर थेट बसतं, वेगळी पुट्टीही लागत नाही. मिश्रण वीस-पंचवीस मिनिटांत घट्ट होतं, म्हणून एका वेळी एका पिशवीपेक्षा जास्त कालवू नका, आणि घट्ट झालेल्यात पाणी घालून परत मऊ करू नका. २५ किलोच्या पिशवीत अर्धा इंच जाडीने वीसेक चौ. फूट होतं. विजेचे बॉक्स पीव्हीसीचे किंवा गॅल्व्हनाइज्ड घ्या, साध्या लोखंडाला जिप्सममध्ये गंज चढतो.

दुसरा पर्याय मुरवलेल्या चुन्याचा. चुन्याचा लगदा पाण्याखाली झाकून ठेवला की महिनोन्‌महिने टिकतो, उलट सुधारतो. त्यामुळे उरलेला माल वाया जात नाही, जो तुमच्यासारख्यांना सिमेंटमध्ये हमखास जातो. १ चुना ३ वाळू, ८ ते १० मिमीचा एक थर, आठवड्याने दुसरा. दोन थरांत आठवडा लागतोच, तो तुमचा आपोआप पडतो. मात्र भर पावसात नको. चुन्याला हळूहळू हवा खायला मिळाली पाहिजे, म्हणून दसऱ्यानंतर. हातमोजे आणि चष्मा सक्तीने, डोळ्यात उडालेला चुना भाजतो.

ओळंबा

चुनागच्ची ताईंशी मधल्या भिंतींबाबत सहमत, पण तीन अटी. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला आतून जिप्सम नको, न्हाणीघर आणि ओट्यामागे तर नकोच. सतत ओल लागली की ते भुसभुशीत होतं. जुलैत करू नका, भिंत आतून कोरडी असली पाहिजे. म्हणजे एकतर मेपर्यंत, नाहीतर दिवाळीनंतर. आणि जमिनीपासून फूटभर सिमेंटचंच प्लास्टर ठेवा, जिप्सम त्याच्या वर थांबवा. फरशी धुताना खालची कड पाणी पिते आणि रंग तिथूनच फुगायला लागतो.

दोघं_मुळशी

सगळ्यांचे मनापासून आभार, क्रमच बदलला आमचा. दोन गोष्टी अजून. बाहेरचं प्लास्टर टोळीकडून करून घेऊ, पण पीसीसी आणि उरलेल्या भिंतींना आठवडाभर पाणी देण्यासाठी काही आपोआप चालणारी सोय होऊ शकते का? गावात ठिबकचं साहित्य मिळतं. आणि इथे सगळीकडे क्रश सँडच (दगड फोडून केलेली वाळू) मिळते, तिने प्लास्टर तडकतं असं ऐकलंय.

ओळंबा

ठिबक उत्तम चालतं, फक्त दाबाचा हिशेब नीट करा. १६ मिमीची इनलाइन नळी घ्या, ३० सेंमीवर तासाला ४ लिटर सोडणारा ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणारं तोंड) असलेली. ती भिंतीच्या माथ्यावर बांधा आणि खाली गोणपाट लोंबता सोडा, वरच्या कडेला नळीला गुंडाळून. पाणी गोणपाटातून उतरतं आणि पूर्ण भिंत ओली ठेवतं. नुसतं भिंतीवर ठिबकलं तर ओघळांच्या रेघा ओल्या आणि मधलं कोरडं राहतं. १२ मीटर नळीवर ४० ड्रिपर. ४ लिटर हा आकडा १ किलो दाबाचा आहे. तुमची टाकी ड्रिपरपेक्षा दोन मीटर वर असेल तर साध्या ड्रिपरमधून त्याच्या निम्म्याहून थोडं कमी येईल, म्हणजे सगळे मिळून तासाला ७० लिटर. दिवसातून पाच वेळा वीस-वीस मिनिटं ठेवलं तर दिवसाला ११५-१२० लिटर, पाच दिवसांचे सहाशे. हजार लिटरच्या टाकीत बसतं. दाब-नियंत्रित ड्रिपर घेऊ नका, ते एवढ्या कमी दाबावर नीट चालत नाहीत.

बॅटरीवरचा टायमर घेताना बॉल व्हॉल्व्हचा घ्या. सोलेनॉइडवाले (विजेच्या चुंबकाने उघडणारे) बरेच टायमर उघडायला किमान दाब मागतात, टाकीच्या पाण्यावर ते अडकून बसतात. टायमरच्या आधी जाळीचा फिल्टर हवाच, बोअरच्या पाण्यातली बारीक रेती ड्रिपर बंद करते. आणि पहिला आठवडा गावातल्या कुणाला तरी एकदा डोकावायला सांगा. उन्हाळ्यात मधमाश्या आणि गुरं ओल्या गोणपाटावर येतात, नळी ओढली जाते.

पीसीसीला ठिबक नको, वाफे करा. कडेने आणि मध्ये दोन-अडीच इंच उंचीच्या कमी सिमेंटच्या मालाच्या वरंब्या घालून पाणी साठवा. एप्रिल-मेमध्ये उघड्यावरचं पाणी दिवसाला ८ ते १० मिमी नुसतं उडतं, त्यामुळे ५० मिमी पाणी पाच दिवस काठावरच पुरतं. म्हणून ते फेब्रुवारीत, कौलं चढल्यावर सावलीत करा आणि वर प्लास्टिकचा कागद अंथरा. कागदाच्या कडा वाळूने दाबून ठेवा, वारा आत शिरला की झाकल्याचा काही उपयोग नाही.

पीसीसीआधी वाळवीचं औषध विसरू नका. तुमचा मुरूम भरून झालाय, म्हणजे हीच वेळ आहे. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटर पाण्यात २.१ मिली, चौरस मीटरला ५ लिटर द्रावण, म्हणजे चौ. फुटाला साधारण अर्धा लिटर. भिंतीच्या कडेने फूटभर अंतरावर सळईने भोकं पाडून तिथे जास्त ओता. हातमोजे, मास्क, आणि बोअरच्या तोंडापासून लांब. ते मुरल्यावर पीसीसी लवकर टाका, उघड्यावर पाऊस लागला तर ते वाहून जातं.

क्रश सँडने तडकत नाही, तिच्यातल्या धुळीने तडकतं. दुकानात ‘प्लास्टर सँड’ म्हणून धुतलेली वेगळी मिळते, तीच घ्या, काँक्रीटची घेऊ नका. गाडी खाली व्हायच्या आत बाटलीची परीक्षा करा: पारदर्शक बाटलीत निम्मी वाळू, वरून पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून तासभर ठेवा. वर बसलेला बारीक गाळाचा थर वाळूच्या दहाव्या हिश्श्याहून जाड दिसला तर गाडी परत पाठवा. उरलेल्या केसासारख्या चिरा बहुतेक वेळा गवंड्याच्या हातातून येतात: शेवटी गुळगुळीत यावं म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरवून घासतात. ते करू देऊ नका. वरच्या पातळ थराचं सिमेंट एकदम वाढतं आणि जाळीदार तडे जातात.

वळचण

छपराचं कुणी बोललं नाही, आणि वेळापत्रकात ते सगळ्यात आधी येतं. कौलं चढल्याशिवाय पीसीसीला सावली नाही, प्लास्टरला आसरा नाही.

कैच्यांना आणि कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांना रंग आत्ताच द्या. कौलं बसली की पट्टीच्या वरच्या अंगाला ब्रश पोचत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो, कारण कौलातून पाझरलेलं पाणी तिथेच थांबतं. वायर ब्रशने घासा, वेल्डिंगचे सांधे जास्त, मग प्राइमरचे दोन हात आणि एनॅमल. हे पूर्ण काम दोघांचं आहे.

पट्ट्यांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. मंगलोरी कौलाला साधारण साडेबारा-तेरा इंच येतं, पण प्रत्येक भट्टीच्या मालात फरक असतो. तुमच्या थप्पीतली अकरा कौलं जमिनीवर खाचेत खाच बसवून ओळ लावा, पहिल्याच्या वरच्या कडेपासून अकराव्याच्या वरच्या कडेपर्यंत पूर्ण ताणून एकदा आणि पूर्ण दाबून एकदा मोजा, दोन्हीची सरासरी काढून दहाने भागा. ठेकेदाराने पट्ट्या आधीच जोडल्या असतील तर चढवण्याआधी हे ताडून बघा. अंतर पाव इंच जास्त असेल तर खाच सुटते आणि झडीचं पाणी वर चढून आत येतं. उतार ३० अंशांच्या आसपास असावा. या पट्ट्यात त्याहून सपाट छपराला कौलं घालणार असाल तर खाली पत्रा किंवा वॉटरप्रूफ चादर हवीच.

चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं. तुमचं छप्पर वळचणीसकट ६०० चौ. फूट धरलं तर ८४० लागतील, फुटतूट धरून ९०० ठेवा आणि उरलेली जपा. पुढे त्याच भट्टीचं माप परत मिळेलच असं नाही. चढवताना दोन्ही पाख्यांवर बरोबरीने चढवा. एकाच बाजूला भार आला तर हलक्या कैच्या तिरक्या होतात. पश्चिमेकडच्या दोन ओळी, वळचणीची ओळ आणि पाख्याच्या कडा तांब्याच्या किंवा गॅल्व्हनाइज्ड तारेने प्रत्येक कौलाच्या भोकातून पट्टीला बांधा. मधली नाही बांधली तरी चालतात. आढ्याची कौलं १ ला ४ च्या मालात थोडा चुना घालून बसवा, नुसतं सिमेंट दुसऱ्या वर्षी सुटतं.

पश्चिमेला वळचण तीन फूट बाहेर काढता येत असेल तर जरूर काढा. त्या भिंतीवर रंगापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. खिडक्यांच्या खालच्या दगडाला बाहेर उतार आणि खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, पाणीकाप (पाणी तिथेच टपकावं म्हणून खाच) मारून घ्या. तो नसेल तर पाणी दगडाखालून उलटं भिंतीत येतं. पन्हळ लावणार असाल तर ताशी १०० मिमी पाऊस धरून एका पाख्याला सेकंदाला पाऊण ते एक लिटर पाणी येतं. सहा इंची पन्हळ, प्रत्येक पाख्याला ११० मिमीचा एक उतरता पाइप पुरे. जोत्याभोवती तीन फूट रुंद फरसबंदी बाहेर उतार देऊन पहिल्या पावसाआधी हवी, निदान दगड-मुरुमाची. नाहीतर पागोळ्या जोत्याच्या कडेनेच खड्डे पाडतात.

सेप्टिक टाकी प्लास्टिकची तयार घेतली असेल तर पुरल्यावर लगेच पाण्याने भरा. रिकामी टाकी पावसाळ्यात जमिनीत पाणी चढल्यावर वर उचलली जाते आणि पाइप तोडते.

रंगाचं शेवटी: बाहेरून मे महिन्यात, प्लास्टर किमान चार आठवडे सुकल्यावर, प्राइमर आणि एक्स्टीरियरचा निदान एक हात. आतून पहिल्या पावसाळ्यात काहीच लावू नका, पुट्टीसुद्धा नाही. ऑगस्टमध्ये दिवस मावळताना विजेरी तिरपी धरून पश्चिमेची भिंत आतून बघा. ओलीचे डाग दिसतील तिथे पेन्सिलीने कड आखून तारीख टाका. डाग खिडकीच्या कोपऱ्यातून खाली गेला असेल तर दोष चौकटीच्या फटीत किंवा दगडात आहे, छपराच्या कडेपासून उतरला असेल तर कौलात, आणि जोत्यापासून वर चढला असेल तर फरसबंदीत. पाऊस उघडल्यावर बाहेरून तेवढंच दुरुस्त करा, दिवाळीनंतर भिंत कोरडी झाली की मग पुट्टी-रंग.